विकत आणलेली नवरी

मानवी तस्करी म्हटले की डोळ्यांपुढे कुंटणखाना येतो. पण हरियाणात ती लग्नाच्या रूपानेही घरात शिरते. २०११ च्या जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे फक्त ८७९ स्त्रिया होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा असूनही मुली जन्माआधीच खुडल्या गेल्या. मग नवरीच्या शोधात दलाल झारखंड, आसाम, बंगालमधल्या गरीब घरांकडे वळले. हुंड्याच्या धास्तीने खचलेल्या बापाला बिनखर्चाचे लग्न वरदान वाटते. एकीकडे मुलगी नकोशी, दुसरीकडे ती ओझे. हा बाजार दोन्ही टोकांना बाईला कमी लेखण्यावरच उभा आहे.

परप्रांतातली प्रत्येक सोयरीक तस्करी नसते, काही संसार सुखाचेही होतात, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच कसोटी नेमकी हवी: पैसे कोणी घेतले, मुलीला खरी माहिती होती का, नको वाटल्यास ती परत जाऊ शकते का? भाषा अनोळखी, माहेर दूर, नावावर काहीच नाही, अशा वेळी होकाराला कितीसा अर्थ उरतो? भारतीय दंड संहितेच्या २०१३ मध्ये नव्याने लिहिलेल्या कलम ३७० नेही तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेची संमती गैरलागू ठरवली होती. दलालाला शिक्षा हवीच. पण मुलींना शिक्षण आणि मालमत्तेत हक्काचा वाटा मिळत नाही, तोवर त्याच्या जागी दुसरा दलाल उभा राहणारच.