साखर कारखाना उसाजवळच का असतो? जाणून घ्या वेबरचा सिद्धांत आणि ऊसबिलाचं गणित

गळीत हंगामात नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकर परिसरात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. एका बाजूला सोमेश्वर, तर दुसऱ्या बाजूला माळेगाव सहकारी साखर कारखाना. साखरेचं मोठं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत, मग कारखाने इथे का?

सिद्धांत काय सांगतो?
जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत मांडला. प्रक्रियेत कच्च्या मालाचं वजन घटत असेल, तर कारखाना त्या मालाजवळ उभारणं स्वस्त पडतं. १०० टन उसातून साधारण १० ते ११ टन साखर निघते. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि उसामागे कारखाने आले.

शेतकऱ्याचा संबंध काय?
वेबरच्या मांडणीत वाहतुकीचा खर्च उद्योजक मोजतो. महाराष्ट्रात मात्र तोडणी-वाहतूक खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो. कारखान्याने लांबून ऊस आणला की हा खर्च वाढतो.

हवाई अंतराची अट कशासाठी?
राज्यात नव्या कारखान्यासाठी जवळच्या कारखान्यापासून किमान २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. त्यामुळे चालू कारखान्यांना ऊस कमी पडू नये, हा हेतू. पण ऊस कुठे घालायचा, याचे शेतकऱ्यापुढचे पर्याय त्यामुळे मर्यादित होतात. म्हणूनच शेतकरी संघटना ही अट रद्द करण्याची मागणी करत आल्या आहेत.

तेव्हा ऊसबिल हातात आलं की दरासोबत तोडणी-वाहतुकीची कपातही तपासा.