काठी परत हातात आली

1989 च्या श्रावणात औरंगाबादच्या कॉलेजातले आम्ही सातजण गौताळ्यात शिरलो, तेव्हा ट्रेकिंगचं सामान म्हणावं असं आमच्याकडे काहीच नव्हतं. अभयारण्य जाहीर होऊन तीन वर्षं झाली होती. पायात हिरवे कॅनव्हासचे हंटर शूज, खांद्याला शबनम, तिच्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन सेलची बॅटरी. काळ्या रानातून दहा पावलं गेलं की बुटांना चिखलाचे थर चढायचे. काटकीनं ते खरवडायचे आणि पुढे निघायचं.

वाटेत एक गुराखी भेटला. हातातली धामणाची काठी त्यानं माझ्यापुढे धरली. "घे बाई, उताराला कामाला येईल." मी हसून नको म्हटलं. विशीत काठी म्हणजे म्हातारपण वाटायचं. तो आधी गवतात काठी आपटायचा, मग पाऊल टाकायचा. ओढ्यात तिनंच पाण्याची खोली बघायचा आणि शेवाळलेल्या दगडावर तिच्यावर भार देऊन अलगद पलीकडे जायचा. त्या दिवशी आमच्यातला प्रत्येकजण एकदा तरी घसरून पडला. तो नाही.

पुढे जाड नक्षीच्या तळव्यांचे बूट आले, कमरेला पट्टा असलेल्या सॅक आल्या. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या भुयारी वाटेत, भर दुपारीही पायरी दिसत नाही. हेडलॅम्प आल्यावर तिथं दोन्ही हात मोकळे झाले. काठी मात्र आम्ही शेवटपर्यंत टाळली.

2011 ला अंतूर किल्ला उतरताना मुरमावरून पाय सटकला आणि उजवा गुडघा पिरगळला. मग ट्रेकिंग पोल घेतला. पहिला पिळून घट्ट करायचा होता, ऐन उतारावर भार पडला की आत सरकायचा. दुसरा खटक्याचा घेतला, तो अजून आहे. कोपर काटकोनात राहील एवढी उंची ठेवायची, चढाला थोडी कमी, उताराला जास्त. पट्ट्यात हात खालून वर घालायचा, म्हणजे भार मुठीऐवजी मनगटावर येतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर गुडघा वाचला असता, म्हणून भेटेल त्याला सांगते.

2016 ला औरंगाबादच्या ग्रामीण पोलिस दलातले रफीक शेख एव्हरेस्टवर पोहोचले, 2018 ला मनीषा वाघमारे. त्यानंतर आमच्या रविवारच्या गटात विशीतली मुलंही पोल घेऊन येऊ लागली. फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी युगांडाला, ब्विंडीच्या डोंगराळ जंगलात गेले. जगात माउंटन गोरिला हजारापेक्षा थोडेच जास्त उरलेत. त्यांच्यापासून 10 मीटर लांब राहायचं आणि तासाभरात परतायचं, हा तिथला नियम. वाट अशी नसतेच, वाटाड्या कोयत्यानं वेली तोडत पुढे सरकतो. बागकामाचे जाड हातमोजे घातले, कारण तिथली झुडपं आपल्या खाजकुइलीसारखी झोंबतात. मुंग्या चढू नयेत म्हणून पँट मोज्यांत खोचली.

जंगलाच्या तोंडाशी सामान वाहणाऱ्या मुलानं माझ्यापुढे काठी धरली. मुठीवर गोरिला कोरलेला होता. पोल सॅकमध्येच राहू दिला आणि मी ती काठी घेतली. उताराला कामाला आली.