लवणरागी सूक्ष्मजीव
लवणरागी सूक्ष्मजीव : वाढीसाठी मिठाची आवश्यकता असणारे सूक्ष्मजीव. समुद्राच्या पाण्यात सु. ३.५% लवणे असतात. पालघरच्या किनाऱ्यावरील मिठागरांसारख्या ठिकाणी ते पाणी उन्हाने आटून अतिखारट झाले म्हणजे त्यात अतिलवणरागी सूक्ष्मजीव वाढतात व त्यांच्या रंगद्रव्यांमुळे पाणी तांबूस दिसू शकते. तथापि केवळ रंगावरून त्यांचे वर्गीकरण करता येत नाही. ड्युनॅलिएला हे शैवल, सॅलिनिबॅक्टर हा जीवाणू व हॅलोबॅक्टेरियम ही तिन्ही तांबूस असू शकतात. हॅलोबॅक्टेरियमाच्या कोशिकाभित्तीत पेप्टिडोग्लायकन नसते व पटलातील लिपिडांत ईथर-बंध असतात. कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रिबोसोमी आरएनएच्या तुलनेने आर्किया हा स्वतंत्र गट ओळखला. पुढे हॅलोबॅक्टेरियमाचा समावेश त्यात झाला, नाव मात्र जीवाणूचेच राहिले. २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण लवणरागी आर्किया असल्याचे आढळले.