स्टेशन वॅगनचे मागचे शॉकअप बदलताना

पावसाळा स्थिरावला की मुंबई-ठाण्याच्या मोटारी कसारा ओलांडून विहीगाव-खोडाळ्याच्या दिशेने वळू लागतात. धबधबा पाहावा, सूर्यमाळला थोडे थांबावे आणि जव्हारमार्गे परतावे, असा साधारण बेत असतो. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावांकडे नेणारे हे रस्ते वळणांचे आणि चढउतारांचे आहेत. पावसात त्यांवर खड्डे पडतात, कडा खचतात. शहरात महिनोन्महिने लक्षात न आलेला मोटारीचा एक दोष येथे तासाभरात उघड होतो. खड्डा मागे पडला तरी गाडीची मागची बाजू डोलत राहते आणि ओल्या वळणावर ती बाहेर सरकते की काय, असे वाटू लागते. अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’चा.

स्टेशन वॅगनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. आपल्याकडे हा प्रकार कधी फारसा रुजला नाही. १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ मध्ये टाटांचीच इंडिगो मरिना आणि त्याच सुमारास स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी. या साऱ्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. तरीही जपून ठेवलेल्या वॅगन अधूनमधून रस्त्यावर दिसतात. धावायला चपळ आणि सामानाला ऐसपैस म्हणून त्यांच्या मालकांचा त्यांच्यावर जीव असतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही, ते काम स्प्रिंगचे. दबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा ती उसळी शमवणे, हे शॉकअपचे काम. आतला दट्ट्या तेलातून बारीक छिद्रांवाटे सरकतो आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते. तेव्हा सामान भरल्यावर गाडीची मागची बाजू फार खाली बसत असेल, तर आधी स्प्रिंग तपासावी. नवे शॉकअप घालून ती उंची परत मिळणार नाही.

शॉकअप गेला हे ओळखायचे कसे? बॉनेट किंवा डिकी दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, ही जुनी पद्धत. मात्र त्यातून पूर्ण निकामी झालेला शॉकअपच कळतो. अर्धवट थकलेला सुटून जातो. शॉकअपच्या अंगावरून तेलाचे ओघळ आलेले असणे, टायरची झीज एकसारखी न होता ठिकठिकाणी खळगे पडणे, जोरात ब्रेक दाबताच मागची चाके उड्या मारल्यासारखी वाटणे, या खुणा अधिक भरवशाच्या. अंगावर नुसती ओलसर धूळ चिकटलेली असेल, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही.

आता निवडीचा प्रश्न. गाडी चपळ आहे म्हणून बाजारातला सर्वांत कडक ‘स्पोर्ट्स’ शॉकअप घ्यावा, असा मोह होतो. वॅगनला तो बहुधा मानवत नाही. रिकाम्या वॅगनचा मागचा भाग हलका असतो. कडक शॉकअपमुळे खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उडते आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण साधते. शिवाय मूळची मऊ स्प्रिंग आणि वर येताना फार कडक असलेला शॉकअप अशी जोडी जमली, तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला पूर्ववत व्हायला वेळच मिळत नाही. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि अखेर रबरी ठोकळ्यावर आपटू लागते. मूळ स्प्रिंग कायम ठेवायची असेल, तर शॉकअप कंपनीच्या मूळ मापाचा किंवा त्याहून किंचितच कडक असावा.

दुसरा निर्णय रचनेचा. दुहेरी नळीच्या साध्या शॉकअपमध्ये सतत खड्डे बसले की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि पकड ढिली पडते. त्यातच कमी दाबाने नायट्रोजन भरलेला प्रकार घेतला, तर हा फेस बराच आटोक्यात राहतो. एकेरी नळीचा, जास्त दाबाचा शॉकअप उष्णता आणखी चांगली बाहेर टाकतो. पण त्याचा दट्ट्या बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. घाटातला एखादा उडालेला दगड लागून नळीला पोचा पडला, की तो कामातून गेला. दुहेरी नळीला असा मार बराच सोसतो. म्हणून कुटुंब आणि सामान घेऊन अशा रस्त्यांवर जाणाऱ्याला दुहेरी नळीचा गॅस शॉकअप अधिक सोयीचा.

खरेदी करताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या सेदान आणि वॅगनचे मागचे भाग वेगळे असू शकतात. जुन्या शॉकअपवरचा क्रमांक, पूर्ण दबलेली व पूर्ण ताणलेली लांबी आणि बुशचे माप जुळवून पाहावे. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून आपल्याकडे शॉकअप बनवत आहे. तेव्हा देशी पर्याय नाही असे समजून लगेच परदेशी मालाकडे धावू नये. मात्र बाजारात नकली मालही असतो. अधिकृत विक्रेता आणि पक्के बिल यांचा आग्रह धरावा. भंगारातला ‘चालू’ शॉकअप तर घेऊच नये. त्याचे किती आयुष्य संपले आहे, हे कोणी सांगू शकत नाही.

बसवतानाही काही पथ्ये आहेत. दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदमच बदलावेत. दुहेरी नळीचा शॉकअप आडवा पडून राहिलेला असतो; तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ताणावा आणि मगच लावावा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. लोंबत्या चाकांवर आवळल्यास रबर पिळलेले राहून लवकर फाटते. ऑक्टेव्हियात मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असल्याने काम तुलनेने सोपे. इंडिगो मरिनात मात्र स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली आहे. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते. ती योग्य अवजारांनिशी जाणत्या मेकॅनिककडूनच उतरवावी.

हा खर्च नको म्हणून पुढे ढकलणारे पुष्कळ असतात. गाडी चालू तर आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण मोखाड्याच्या रस्त्यांवर आपण एकटे नसतो. कडेने डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका चालत असतात, शाळेतून परतणारी मुले असतात. ओल्या उतारावर गाडीचा भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि त्याच क्षणी ती रस्त्याला टेकलेली असावी लागतात. घाटात निघण्यापूर्वी टायरची हवा पाहतो, तसेच एकदा मागच्या चाकांआड डोकावून पाहावे, एवढेच.