पाव का फुगला नाही?

घरी केलेला पाव वरून करपलेला आणि आत गच्च, चिकट निघाला, की दोष ओव्हनला दिला जातो. खरं तर पुष्कळदा बिघाड त्याच्या कितीतरी आधी, यीस्ट भिजवतानाच झालेला असतो.

यीस्ट ही जिवंत, एकपेशीय बुरशी. साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल सोडते. ३५ ते ४० अंश सेल्सिअसचं, बोटाला जेमतेम कोमट लागणारं पाणी तिला मानवतं. ६० अंशांच्या आसपास ती मरते. म्हणून साखरेच्या कोमट पाण्यात यीस्टचे दाणे टाकून १० मिनिटं थांबावंच. फेस धरला नाही, तर ते पाणी सरळ ओतून द्यावं. मैदा तरी वाचतो.

वायू तयार झाला तरी तो अडवायला जाळं लागतं. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं भिजून, मळताना एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेन बनतं. मळलेल्या मैद्याचा छोटा गोळा बोटांनी हलकेच ताणून बघा. न फाटता उजेड आरपार दिसेल इतका पातळ पडदा झाला, की मळणं पुरे. चपातीच्या कणकेतला कोंडा हे जाळं तोडतो. नुसत्या कणकेचा पाव त्यामुळेच दडस होतो. निम्मा मैदा घातला तरी फरक जाणवतो.

फुगण्याची वेळ हवेवर ठरते, त्यामुळे घड्याळापेक्षा पिठाकडे बघावं. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर (माडी) वापरत. तिच्यातही यीस्टच असे.

आणि भाजलेला पाव निवेपर्यंत कापू नये. गरम असताना आतला स्टार्च घट्ट झालेला नसतो, सुरीला लगदाच चिकटतो.