सबवूफरची कॉइल: तांबे की ॲल्युमिनियम?

शेतपंपाची मोटार जळाली असता रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्याच तारेचा आग्रह धरणारा राहुरी-श्रीरामपूरकडील बागायतदार आपल्या गाडीच्या डिकीत सबवूफर बसविताना मात्र, चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे होणारी व्हॉइस कॉइल कशाची आहे याची चौकशी क्वचितच करतो. समान लांबीची व समान रोधाची ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या निम्म्याहून किंचित कमी वजनाची भरते, परंतु छेद सुमारे १.६ पट मागते. हा हलकेपणा उच्च स्वरांच्या स्पीकरास मोलाचा खरा. सबवूफरचा शंकू मुळातच जड असल्याने तेथे तांबेच मला अधिक ग्राह्य वाटते.

तारेइतकाच महत्त्वाचा, तथापि उपेक्षित, जिन्नस म्हणजे ती ज्यावर गुंडाळतात तो फॉर्मर. ॲल्युमिनियमचा फॉर्मर उष्णता त्वरेने वाहून नेतो, पण चुंबकक्षेत्रात त्याच्या अंगी उपजणारे प्रवाह गतीस अटकाव करतात. पॉलिइमाइडचा वा काचतंतूचा फॉर्मर या दोषापासून मुक्त असला तरी उष्णता कॉइलपाशीच कोंडून ठेवतो. कॉइलचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, व ॲल्युमिनियमचाही जवळपास तितकाच. रोध वाढला की प्रवाह घटून आवाज मंदावतो; सबब वैशाखातल्या दुपारी नगर-मनमाड रस्त्यावर तासभर वाजल्यानंतर आवाज बसला, तर ॲम्प्लिफायर बदलण्यापूर्वी कॉइल थंड होऊ द्यावी.