नामोल्लेखाचे ऋण

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर जे धरण उभे आहे, त्याचे शासकीय नाव इंदिरासागर. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाला इथला माणूस मात्र गोसीखुर्दच म्हणतो. कागदावर जे मागे पडले, ते गावाचे नाव लोकांच्या जिभेने राखले. नाव हे केवळ ओळखण्याचे साधन नसते. ती ऋणाची पोचही असते. संगणकाच्या जगात गेली तीस वर्षे चाललेला एक वाद याच पोचपावतीचा आहे.

शाळांच्या संगणककक्षांत विंडोजला पर्याय म्हणून जी विनामूल्य प्रणाली बसविली जाते, तिला सर्रास 'लिनक्स' म्हटले जाते. रिचर्ड स्टॉलमन यांचा आग्रह असा की, तिला 'ग्नू/लिनक्स' म्हणावे. वरवर पाहता हा हट्ट वाटतो. पण इतिहास काय सांगतो?

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. जी प्रणाली कोणीही वापरावी, तिची रचना अभ्यासावी, ती बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा तो संकल्प होता. १९९१ पर्यंत तिची बहुतेक अंगे सिद्ध झाली होती. उणीव होती ती यंत्राशी थेट व्यवहार करणाऱ्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची. नेमका तो गाभा त्याच वर्षी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि तोही ग्नूच्याच साधनांनी घडविला. गंमत अशी की, टोरवाल्ड्स यांच्या मनात नाव होते 'फ्रीक्स'. फाइली ठेवून घेणाऱ्या आरी लेम्के यांनी परस्पर 'लिनक्स' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. तेव्हा कोणी कोणाचे श्रेय चोरले, असा हा मामला नव्हे. गाभ्याचे नाव संपूर्ण देहाला चिकटले, एवढेच.

विरोधकांचे आक्षेपही बिनबुडाचे नाहीत. जोडनाव उच्चारायला अवघड आहे. शिवाय ग्नूचा उल्लेख करायचा, तर पडद्यावरील खिडक्यांची यंत्रणा रचणाऱ्यांनी काय घोडे मारले? हजारो हातांनी बांधलेल्या इमारतीच्या पाटीवर कितीजणांची नावे कोरणार?

तथापि दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली नेमकेपणाची. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच गाभा आहे. त्यात ग्नूची प्रणाली मात्र नाही. दोन्हींना 'लिनक्स' म्हटले, तर शाळेतील संगणक आणि हा फोन यांतील भेद कळणार कसा? दुसरी गोष्ट अधिक मोलाची. ग्नू हे नाव गळाले की त्यामागचा विचारही गळतो. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. मराठीत ते दोन शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. तरीही आपण ही प्रणाली 'फुकट मिळते' एवढेच विद्यार्थ्यांना सांगतो. ती उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क आपल्याला आहे, हे सांगायचे राहून जाते.

मग मार्ग कोणता? तो आपल्या व्यवहारातच आहे. भंडाऱ्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी 'नागपूर विद्यापीठात शिकतो' असे म्हणतो. त्याच्या गुणपत्रिकेवर मात्र २००५ पासून 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' असे पूर्ण नाव असते. कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही. डेबियन या प्रणालीने आपल्या नावात ग्नू आणि लिनक्स दोन्ही राखले. तिच्याच आधारे सी-डॅकने भारतासाठी तयार केलेल्या 'बॉस' प्रणालीनेही तोच कित्ता गिरविला.

बोलताना खुशाल लिनक्स म्हणावे. परंतु कारकुनाने डेडस्टॉक रजिस्टरात आणि शिक्षकाने फळ्यावर निदान एकदा पूर्ण नाव लिहावे. उत्तरपत्रिकेत अर्धेच नाव लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत; मात्र उरलेले अर्धे नाव आणि त्यामागचा विचार त्याला वर्गात सांगितला होता ना, हे शिक्षकाने स्वतःलाच विचारावे.